पुजलेला पाना

"नट नुसते हातानं लावलेत. आवळायचे राहिलेत, एवढं ध्यानात ठेव," जोतीराम व्हॅनच्या मागच्या डाव्या चाकाशी उकिडवा बसून म्हणाला, आणि जॅक खाली सोडायला लागला.

मी बरं म्हटलं. नवऱ्याचं नाव घेते म्हणून कुणी नाक मुरडू नये. 'हे आले', 'हे गेले' करत सांगितलं तर गोष्ट कुणाची चाललीय तेच कळायचं नाही, आणि ही गोष्ट नीट कळायला पाहिजे.

आजऱ्यातलं आमचं घर, पुढं अंगण, अंगणात व्हॅन. खंडेनवमीची दुपार होती. दरवर्षी दसऱ्याच्या तोंडावर जोतीराम गाडीचं सगळं काम घरीच करायचा. गॅरेजवाले एक दुरुस्त करतात आणि दोन बिघडवतात, असं त्याचं ठाम मत. मग सकाळपासून गाडीखाली सतरंजी, जुनं काळं ऑइल घमेल्यात, प्लग वर्तमानपत्रावर मांडलेले आणि मी हाताखाली. लग्नात मला धड उखाणा घेता आला नव्हता, पण कुठला पाना कशाला लागतो ते मी न बघता हातात द्यायची. त्या दिवशी शेवटचं काम राहिलं होतं ब्रेकचं. चारही चाकं एकेक करून काढायची, आतली धूळ झाडायची, ब्रेक घासून पुन्हा बसवायचे.

चाक अधांतरी असताना नट पुरते आवळता येत नाहीत, पान्याबरोबर चाकच फिरायला लागतं. म्हणून नट आधी बोटांनी बसवायचे, गाडी जमिनीवर टेकवायची आणि मग पाना लावून, त्याच्यावर पाय देऊन उभं राहायचं. तीन चाकं अशी झाली होती. चौथं चाक नुकतं जमिनीला टेकलं आणि गल्लीतून हाक आली. गवसे गावचा माणूस झेंडूची पोती घेऊन आला होता. दसऱ्याच्या सकाळी सावंतवाडीच्या बाजारात झेंडू पोचवायचा, हा जोतीरामचा वर्षातला मोठा फेरा. फुलं बघून घ्यायला तो उठला आणि जाता जाता सवयीनं त्यानं चाकावरचा, नट झाकणारा कप थापटून बसवला. मीही मागोमाग गेले, कारण फुलं ओली निघाली तर भांडायला घरात मीच बरी होते.

आम्ही परत आलो तर अंगण लोटून स्वच्छ. आत्तींनी पाटी फिरवून पाने उचलून नेले होते.

आमच्याकडं सासूला आत्ती म्हणतात. माझ्या आत्ती म्हणजे हौसाबाई, हाडाच्या काटक, बोलायला तोडून टाकणाऱ्या. खंडेनवमीला घरातलं झाडून सगळं हत्यार गोळा करायचं, चिंच लावून घासायचं आणि पाटावर मांडून पुजायचं. विळी, कोयता, खुरपं, कात्री, माझ्या शिलाईची सुईसुद्धा. त्यांच्या मागं जोतीरामचे सगळे पाने, लहानापासून मोठ्यापर्यंत, आणि सगळ्यांत मोठा तो चाकाचा. हळद-कुंकू वाहिलेलं, वर झेंडूचं फूल. एकदा पुजलं की हत्यार निजलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सोनं लुटून येईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. गाडीला तेवढी त्यांनी सूट दिली होती. गाडी पोटाचं साधन, तिला पुजून सोडायचं. हत्याराला मात्र सूट नव्हती.

संध्याकाळी जेवायला बसलो आणि जोतीरामच्या हातातला घास तसाच राहिला.

"मागचं डावं चाक आवळलं नाही की गं."

पहाटे पोती लादून आंबोलीचा घाट उतरायचा, आणि चाक बोटांच्या जोरावर. मी उठलेच पाना आणायला. आत्तींनी बसल्या जागेवरून माझं मनगट धरलं.

"हत्यार निजलंय," त्या म्हणाल्या.

मी बोलायला कमी केलं नाही. देव लोखंडासाठी कशाला रुसेल, माणूस मोठं का पाना मोठा, असं सगळं बोलून घेतलं. आत्ती गप्प ऐकत राहिल्या. त्या गप्प झाल्या की पुढं बोलण्यात अर्थ नसतो, हे मला लग्नानंतर लवकरच कळलं होतं.

कारण मला ठाऊक होतं, गल्लीला ठाऊक होतं. माझे सासरे लाकडाच्या अड्ड्यावर कामाला होते. एका खंडेनवमीला मालकाचा तातडीचा माल निघाला आणि पुजलेली करवत त्यांनी उचलली. आत्तींनी वाट अडवली होती म्हणे, पण मालकाचा शब्द. करवतीनं त्यांना काही केलं नाही. पुढच्या पावसाळ्यात कावीळ झाली आणि त्यात ते गेले. डॉक्टरनं कावीळ सांगितली, गावानं कावीळ सांगितली. आत्ती म्हणायच्या, कावीळ निमित्त, पुजलेल्याला हात लावला तो माणूस वरीस ओलांडत नाही. जोतीराम तेव्हा पाळण्यात होता. तिथून पुढं त्या घरात खंडेनवमीला कुणी साधी कात्री उचलली नव्हती.

जोतीराम म्हणाला, भांडू नका, समोर दस्तगीरकडं चार तोंडांचा पाना आहे, कुठल्याही गाडीला चालतो. त्यांच्यात हत्यार निजवत नाहीत. तो चालेल का? आत्तींनी विचार केला आणि तो चालेल म्हणून सांगितलं. मीच जाऊन सांगून आले. दस्तगीरची जीप भाडं घेऊन गडहिंग्लजला गेली होती, पाना जीपमध्ये. उशिरा येईल, पहाटे घेऊन जा म्हणाला. असं ठरलं आणि आम्ही झोपलो.

पहाटे घरात जी गडबड उडाली ती दसऱ्याच्या दिवशी फुलवाल्याच्या घरातच उडते. पोती आत, उरलेली टपावर बांधलेली, गाडीला हार, चाकांखाली लिंबं. आमची उर्मी, सात वर्षांची, बापाबरोबर जायचं म्हणून रात्रीपासून फ्रॉक घालून बसलेली. सावंतवाडीचं तळं बघायचं होतं तिला. मी चुलीपाशी, आत्ती देवापाशी. जोतीरामनं नारळ फोडला, लिंबं चिरडली आणि गाडी गेली. उर्मी मागच्या काचेतून हात हलवत होती. मी पुरणाची डाळ शिजत घातली. थोड्या वेळानं आत्ती घट उठवायला रवळनाथाच्या देवळात गेल्या.

दस्तगीर आला तेव्हा चांगलं उजाडलं होतं. दसऱ्याला आमच्याकडं पुरणपोळीला तो असायचाच, मला वाटलं पोळी किती वाजता ते विचारायला आला असेल.

"वहिनी, जोतीराम गेला काय?" त्यानं दारातूनच विचारलं. "पाना काढून उंबऱ्यावर ठेवला होता. आलाच नाही की तो. आत्ता भाऊ जीप घेऊन गडहिंग्लजला निघाला, तर त्यात टाकून दिला. म्हटलं विचारावं, काम झालं का."

मी हातातला डाव चुलीवर ठेवला की जमिनीवर टाकला, आठवत नाही. दाराची चौकट तेवढी धरली. दस्तगीरला सांगायची गरज पडली नाही, तो ड्रायव्हर माणूस. त्याचा चेहरा उतरला.

मोबाइल तेव्हा आमच्या गल्लीत कुणाकडं नव्हता. दस्तगीर म्हणाला, चला, माल भरलाय म्हणजे सावकाश चालवणार, घाटाच्या आत गाठू. तो मोटरसायकल काढायला पळाला. त्याचा पाना तर गडहिंग्लजच्या वाटेवर होता. गाठून करणार काय, चाक काय दातांनी आवळायचं?

मी देवघरात आले. पाट समोर होता. मोठा पाना सगळ्यांच्या मागं, निजलेला. आदल्या रात्री माणूस मोठं का पाना मोठा म्हणून तोंड वाजवणारी मी, पण आता हात पुढं होईना. सासऱ्यांचा फोटो तिथंच वर भिंतीवर. उर्मीचा हात काचेतून हलताना दिसला आणि मी डोळे मिटून पाना उचलला. त्याच्यावरचं फूल खाली पडलं. बाकीच्या हत्यारांवरचा झेंडू मलूल झाला होता, हे फूल ताजं होतं, पण तेव्हा ते बघायला ध्यान कुणाचं होतं. देवी, काय करायचं ते मला कर, एवढंच म्हटलं आणि पळाले.

रवळनाथाच्या कोपऱ्यावर आत्ती देवळातून परत येताना दिसल्या. पदर डोक्यावर, हातात ताट. त्यांनी आधी दस्तगीरला पाहिलं, मग मागं बसलेल्या मला, मग माझ्या मांडीवरचा पाना. त्यांच्या हातातलं ताट कललं आणि त्यातलं कुंकू रस्त्यावर सांडलं. मी ओरडून सांगितलं, आत्ती, चाक आवळलेलं नाही. त्या गाडीच्या दिशेनं धावल्या. त्या बाईला मी कधी धावताना पाहिलं नव्हतं. धावता धावता त्या काहीतरी ओरडल्या. देवळात हलगी वाजत होती, मोटरसायकल फुटफुटत होती. माझ्या कानावर एकच शब्द आला.

"मेलीत!"

दस्तगीरनं ऐकलं नसावं. त्यानं गाडी दामटली. मी मागं वळून पाहिलं तर आत्ती रस्त्याच्या मधोमध उभ्या होत्या.

तो शब्द माझ्या डोक्यात शिरला तो निघेना. मेलीत. त्यांना देवळात कौल मिळाला काय? का कुणी निरोप आणला? का मी पाना उचलला म्हणून त्याच क्षणी झालं? मी शिकलेली बाई, बारावी पास, अंधश्रद्धेवर शाळेत निबंध लिहून बक्षीस आणलेली. त्या निबंधातलं एक वाक्य तेव्हा आठवेल तर शपथ. पाना पोटाशी धरून मी नुसती देवांची नावं घेत होते. दस्तगीरही पुढं पुटपुटत होता, त्याच्या त्याच्या देवाचं.

गवसे मागं पडलं. रस्त्यात दिसेल त्याला विचारत होतो, झेंडूची व्हॅन गेली काय. एका चहाच्या टपरीवाल्यानं सांगितलं, गेली की, पोरगी चांगली गाणी म्हणत होती. त्यानं ते हसत सांगितलं आणि मला रडू फुटलं. दस्तगीर म्हणाला, वहिनी, रडू नका, चाक असं एकदम निघत नाही, आधी धडधडतं, हाताला कळतं, जोतीराम काय नवखा नाही. मग स्वतःच म्हणाला, माल भरल्यावर मात्र लवकर कळत नाही. त्यानं ते दुसरं वाक्य गिळलं असतं तर बरं झालं असतं.

आंबोलीला धुकं होतं. पाऊस सरला होता पण डोंगर अजून गळत होता. व्हॅन तिथंही नव्हती, चहा पिऊन पुढं गेली म्हणाले. म्हणजे घाटात उतरली. दस्तगीरनं दिवा लावला. समोर हातभर रस्ता दिसायचा, उजवीकडं काळा कडा आणि डावीकडं दगडी कठडा, आणि कठड्यापलीकडं काही नाही, नुसतं पांढरं. मी प्रत्येक वळणावर कठडा बघत होते, फुटलाय का, घासलाय का.

एका वळणाच्या आधी दस्तगीरनं करकचून ब्रेक दाबला. रस्त्यावर झेंडू पडला होता. एक-दोन फुलं नव्हेत. रस्ताभर पिवळाकेशरी सडा, वळणाच्या दिशेनं दाट होत गेलेला, आणि कठड्याच्या अगदी कडेला ढीग.

दस्तगीर गाडीवरून उतरला नाही. दोन्ही पाय टेकून नुसता बसून राहिला. मीच उतरले. फुलांवर पाय पडत होते. ढिगापाशी कठड्याचा एक दगड ढासळलेला होता. आता मला माहीत आहे की तो पावसाळ्यातच ढासळला होता, पण तेव्हा मला तो नुकताच पडलेला दिसला. मी कठड्यावर हात टेकून खाली वाकले. खाली पांढरं धुकं, आणि कुठंतरी खोल पाणी पडल्याचा आवाज. मला वाटलं, आत्तींना देवळात बसल्या बसल्या कळलं आणि मी इथवर धावत आले ते हे बघायला. मी उर्मीला हाक मारली. वर हाक मारावी तशी नव्हे, खाली, दरीत तोंड घालून.

"आई?"

आवाज खालून आला नाही. वळणाच्या पलीकडून आला. धुक्यातून उर्मी चालत येत होती, फ्रॉकचा ओचा करून त्यात फुलं भरलेली.

"आई, तू कशी आलीस? टपावरचं पोतं फाटलं. बाबा पुढं गोळा करतायत, मी इकडं."

तिला ओच्यातल्या फुलांसकट उचललं आणि तिच्या मानेत तोंड घालून उभी राहिले. ती म्हणत होती, आई, फुलं चुरगाळतायत. चुरगाळू देत म्हटलं, चुलीत गेली फुलं.

व्हॅन वळणापलीकडं कड्याला लागून उभी होती, चारही चाकांवर. जोतीराम पोत्याचं तोंड बांधत होता. मला आणि दस्तगीरला बघून त्याला आधी हसूच आलं, मग माझ्या हातातला पाना दिसला आणि हसू गेलं.

"पुजलेला आणलास?" त्यानं हळूच विचारलं.

मी त्याच्यावर जी तुटून पडले त्यातलं काही लिहिण्यासारखं नाही. दस्तगीरचा पाना का आणला नाहीस, पोरीला कशाला घातलीस गाडीत, तुझ्या बापाच्या करवतीपायी आज माझी पोर गेली असती. त्यानं सगळं ऐकलं.

"पहाटे मी दस्तगीरकडंच निघालो होतो," तो म्हणाला. "म्हटलं आधी कप काढून बघावं. अंधारात नट चाचपले तर घट्ट, हलेनात. मला वाटलं, दस्तगीर रात्री येऊन आवळून गेला."

"मी कुठला आवळतोय?" दस्तगीर म्हणाला. "मी आलोच नव्हतो."

मग जोतीराम चाकापाशी बसला आणि कप उपसून काढला. आता उजेड होता. मी वाकून पाहिलं. नट चांगले पक्के बसले होते, आणि प्रत्येक नटाच्या कडांना पिवळं लागलं होतं. मधे मधे लाल. मी माझ्या हातातल्या पान्याचं तोंड पाहिलं. आत, खोबणीत, तेच पिवळं आणि तेच लाल.

हळद-कुंकू वाहिलेल्या पान्यानं ते चाक आवळलेलं होतं. पहाटेच्या आधी, आम्ही निजलो असताना, आणि मग पाना परत जागेवर निजवून त्याच्यावर नवं फूल ठेवलेलं.

घरात आम्ही किती जणं. मी नव्हते, जोतीराम नव्हता, उर्मी नव्हती.

जोतीराम रस्त्यावरच बसला. आई, एवढंच म्हणाला. तो रोज गाडी चालवणारा, घाटाला न भिणारा माणूस, पण त्याच्या ओठांचा रंग गेला होता. दस्तगीरला काही कळेना, चाक घट्ट आहे मग झालं की, म्हणत होता. त्याला समजावून सांगण्याची ताकद आम्हाला दोघांनाही नव्हती. वरीस ओलांडत नाही. ते वाक्य जोतीराम दुधाबरोबर प्याला होता.

फुलं बाजारात पोचवणं भाग होतं. जोतीराम मला म्हणाला, तू घरी जा, आईजवळ बस, तिला एकटी ठेवू नको. उर्मीला मी बरोबर घेतलं. तळं राहिलं म्हणून ती घरापर्यंत मुसमुसत होती.

आत्ती उंबऱ्यावर बसल्या होत्या. उर्मीला पाहिल्यावर त्यांनी तिला ओढून कुशीत घेतलं, डोक्यावरून, पाठीवरून, हातापायांवरून हात फिरवला, जोतीराम कसा आहे विचारलं आणि मग तिला खेळायला पिटाळलं. माझ्या हातातून पाना काढून घेतला. मी त्यांच्या समोर बसले. काय बोलावं सुचेना, म्हणून भांडले.

"कोपऱ्यावर असलं अभद्र का बोललात आत्ती? मेलीत म्हणालात."

त्यांनी माझ्याकडं चमकून पाहिलं.

"मेलीत कशाला म्हणीन मी माझ्या लेकराला? मी आवळलीत म्हणून वरडत हुतो. चारी चाकं मी आवळलीत, जाऊ नको, हात लावू नको. तुजं लक्ष कुटं?"

मी आवळलीत. मेलीत. मी हसले का रडले, दोन्ही एकदम झालं असावं.

"रात्री सांगायचं तरी," मी म्हटलं. "आम्हाला उठवायचं."

"आन् मग? तू उठली असतीस न्हवं आवळायला. न्हाईतर त्यो उठला असता." त्या पान्यावरची धूळ पदरानं पुसत होत्या. "पान्यावर हुभं ऱ्हायचं तर हाय. बघितलंय मी जोतीला. दोनदा घसरून पडलो, तिसऱ्यांदा बसलं."

त्यांच्या पोटरीला खरचटलं होतं, त्याला हळदच लावलेली होती.

"पण दस्तगीरभाईचा पाना येणारच होता की सकाळी."

"आन् न्हाई आला तर? मालकाचा माल म्हणून त्यो न्हाई का करवत घिऊन गेला? पोटाच्या घाईत मानूस इसरतंय." त्यो म्हणजे सासरे. त्यांनी फोटोकडं बघितलंसुद्धा नाही. "मला झोपच लागंना. उर्मी जानार हुती."

मग मी विचारलं ते, जे वाटभर माझ्या छातीवर बसलं होतं. पाना मीही उचलला होता. सोनं लुटायच्या आधी. माझं काय?

"पयला हात माजा लागलाय," त्या म्हणाल्या. "जे काय हुयाचं ते पयल्या हाताला. दुसऱ्या हाताला काय नसतंय."

"असं कुणी सांगितलं?"

"मी सांगतो."

इतकी वर्षं त्या देवाच्या, वाडवडिलांच्या नावानं सांगायच्या. मी सांगतो, असं पहिल्यांदाच म्हणाल्या. मग उठून पाना धुतला, हळद-कुंकू लावलं आणि पाटावर निजवला.

त्या वर्षाबद्दल थोडं सांगते, जास्त सांगवत नाही. आत्ती काही बोलल्या नाहीत, पण दिवाळी झाल्यावर त्यांनी गळ्यातली बोरमाळ सोनाराकडं नेऊन उजळून आणली आणि उर्मीच्या नावानं ठेव म्हणून माझ्याकडं दिली. कुलदैवताचा टाक कशानं घासायचा, लोणच्याला मीठ किती, कुणाच्या लग्नात आपल्याला काय आलंय, एकेक करून सगळं माझ्या हवाली केलं. मी म्हणायची, तुम्ही आहात की. त्या म्हणायच्या, आसू दे, ठावं आसावं. जोतीराम रोज सकाळी काहीतरी निमित्त काढून त्यांना उजेडात बोलवायचा आणि त्यांच्या डोळ्यांचा पांढरा भाग बघायचा, पिवळा झालाय का. त्यांना ते कळायचं. त्या मुकाट्यानं डोळे दाखवायच्या.

पावसाळ्यात त्यांना ताप आला. साधा ताप, डॉक्टर म्हणाले, गावभर आहे. जोतीराम गाडी बंद ठेवून उशाशी बसला. मी गोळ्या देत होते आणि मनात हिशेब चालला होता, दसरा अजून किती लांब आहे. एवढी घाबरट मी कधीच नव्हते. घाटातली भीती परवडली, ती एका सकाळीत संपली होती. ही घरातच राहायला आली होती, जेवायला आमच्याबरोबर बसायची. ताप उतरला, तरी ती गेली नाही.

मग खंडेनवमी आली. त्या वर्षी जोतीरामनं गाडीचं काम दोन दिवस आधीच उरकलं. आत्ती पाटी घेऊन आल्या, पण हत्यारं गोळा करण्याआधी चारही चाकांपाशी जाऊन त्यांनी कप काढायला लावले आणि प्रत्येक नट स्वतः बोटांनी हलवून बघितला. मगच पाना घेतला.

दसऱ्याच्या संध्याकाळी जोतीराम सोनं घेऊन आला. आपट्याची पानं आईच्या हातात ठेवून तो पाया पडला आणि लवकर उठलाच नाही. मीही पडले. आत्ती पाटावर बसल्या होत्या.

"झालं न्हवं गं वरीस?" त्यांनी मला विचारलं.

"झालं आत्ती."

त्यांनी मान हलवली. पदरानं तोंड पुसलं. मग कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात, फक्त मला म्हणाल्या, "वरीसभर लई भ्या वाटलं बघ."

मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो थोडा वेळ राहू दिला, मग सोडवून घेतला आणि ताट जवळ ओढलं.

"पोळी कोरडी हाय," त्या म्हणाल्या. "तूप वाढ."